लक्झरी ब्रँडची साधी एसयूव्ही की साध्या ब्रँडची भरगच्च एसयूव्ही?

सावळी

नमस्कार मंडळी. घरातली जुनी सेडान काढायची आणि कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्यायची, इथपर्यंत आमच्याकडे एकमत आहे. त्यापुढे नाही. गाळून गाळून दोन गाड्या उरल्यात. एक जर्मन लक्झरी ब्रँडची, त्यांच्या छोट्या एसयूव्हीचं सगळ्यात खालचं व्हेरिअंट. दुसरी दर चौकात दिसणाऱ्या कंपनीची, पण टॉप व्हेरिअंट, त्यांच्याकडे जे जे आहे ते सगळं भरलेलं. किमतीत फरक आहे, पण ओढूनताणून का होईना दोन्ही झेपतील. त्यामुळे 'परवडेल का' हे विचारत नाहीये. जास्तीचे पैसे नेमके कशाचे, ते विचारतेय. मॉडेलची नावं मुद्दाम लिहीत नाही. लिहिली की धाग्याचं काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

वापरणारी माणसं चार. मी, उंची पाच फूट एक इंच, गाडी बहुतेक वेळा मीच चालवते. नवरा, उंची सहा फूट, गाडी कमी चालवतो आणि मतं जास्त देतो. मुलगी शाळेत आहे, तिला फक्त चार्जिंगचं सॉकेट कुठे आहे यात रस. आणि सासरे, म्हणजे नाना, वय 79. उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालंय आणि दोन्ही कानांना श्रवणयंत्रं आहेत.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. लोकांचे कान तपासणं हेच रोजचं काम, त्यामुळे गाडीच्या आवाजाकडे माझं इतरांपेक्षा जास्त लक्ष असतं, हे आधीच सांगून ठेवते. घरी, शांत खोलीत नाना तासभर गप्पा मारतात. गाडी साठच्या पुढे गेली की गप्प. सगळ्यांना वाटतं डुलकी लागली. डुलकी वगैरे काही नसते, त्यांना ऐकूच येत नसतं. टायरची घरघर खालच्या पट्टीतली असते, आणि खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतले बारीक आवाज झाकून टाकतो. वयामुळे ऐकू येणं कमी होतं तेही वरच्या पट्टीपासूनच. स, श, त, फ सगळे तिथेच. त्यात श्रवणयंत्राचे डायरेक्शनल माइक तोंडासमोरच्या माणसाचं ऐकायला बनवलेले. मागच्या सीटवर नानांच्या तोंडासमोर असते पुढच्या सीटची पाठ, आणि बोलणारा काचेकडे तोंड करून बोलत असतो.

म्हणून केबिन किती शांत, हा माझ्या यादीत पहिल्या नंबरवर आहे. बाकीचे लोक सनरूफ बघत असताना मी मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. सेल्समनला वाटलं मला गाडी लागतेय.

जर्मन गाडी गुळगुळीत रस्त्यावर खरोखर शांत. दाराचा 'धप्प' आवाज मी मार्कांत धरत नाही, तो मुद्दाम घडवलेला असतो. पण चालताना, विशेषतः उखडलेल्या पॅचवरून जाताना, धक्का आला की एकदाच येतो आणि संपतो. दुसरी गाडी त्याच पॅचवर धक्क्यानंतर थोडी थरथरते, आणि काँक्रीटच्या रस्त्यावर मागून एक सलग गुंजारव येतो. मोबाइलच्या डेसिबल अ‍ॅपवर दोन्हींचे आकडे जवळजवळ सारखेच दिसले. पण ते अ‍ॅप बहुधा ए-वेटिंगने (म्हणजे माणसाच्या कानाला कमी ऐकू येणारी खालची पट्टी कमी धरून) मोजतं, आणि ए-वेटिंग 63 हर्ट्झच्या आसपास सुमारे 26 डेसिबल वजा करून दाखवतं. म्हणजे जो गुंजारव मला छळत होता, तोच नेमका आकड्यातून गायब. यूट्यूबवर केबिनचे डेसिबल मोजून दाखवणाऱ्यांनी हे लक्षात घेतलं तर बरं होईल. असो, हे अवांतर झालं.

आता उलट बाजू. भरगच्च गाडीत ड्रायव्हरच्या सीटला मेमरी आहे. घरात पाच-एक आणि सहा फूट अशी जोडी असेल तर मेमरी म्हणजे काय, हे तेच जाणोत ज्यांनी गुडघे स्टिअरिंगला आपटून घेतलेत. चारही बाजूंचा कॅमेरा आहे, पुढच्या गाडीनुसार वेग कमी-जास्त करणारा क्रूझ आहे, व्हेंटिलेटेड सीट आहेत. जर्मन गाडीच्या खालच्या व्हेरिअंटमध्ये सीट हाताने सरकवायची, कॅमेरा फक्त मागचा, क्रूझ साधा. मेमरी हवी तर एक पॅकेज घ्यायचं, आणि त्या पॅकेजबरोबर मोठी चाकं आणि सनरूफ गळ्यात मारून घ्यायचं.

नवऱ्याचं मन लोगोवर आहे. कबूल करत नाही. 'बिल्ड क्वालिटी' म्हणतो. नाना म्हणतात, चढता-उतरता आलं की झालं.

तर सांगा: ही शांतता खरंच ब्रँडबरोबर येते, की टायर-काचांचा खेळ आहे? वॉरंटी संपल्यावर लक्झरी गाडी किती रडवते? आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना या दोन प्रकारांत कुठे जास्त सोयीचं वाटलं?

बिंदास_बाळ्या

ताई, सरळ जर्मन घ्या. माणूस आयुष्यात गाड्या घेतो किती? फीचर दोन वर्षांत जुनी होतात, लोगो होत नाही. रोज पार्किंगमधून निघताना मागे वळून बघावंसं वाटलं पाहिजे, बास. बाकी सगळं एक्सेलशीट.

गुरुत्वमध्य

सावळीताई, प्रश्न आवडला, कारण मी गाड्यांचे रबरी बुश (जोडांमध्ये बसून धक्के गिळणारे रबराचे तुकडे) आणि इंजिन माउंटिंग बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइनला आहे. तुम्ही जे 'धक्का एकदाच येतो आणि संपतो' लिहिलंत ना, आमची अर्धी मेहनत तेवढ्यासाठीच असते.

आधी ब्रँडचं. या आकाराच्या लक्झरी एसयूव्हीत आतला सांगाडा बऱ्याचदा साध्या भावंडांबरोबर वाटून घेतलेला असतो. ऑडी क्यू3 ची दुसरी पिढी (2018) फोक्सवॅगनच्या एमक्यूबी प्लॅटफॉर्मवर आहे, टिग्वानही त्याच्यावरच. लेक्सस एनएक्सची 2021 ची पिढी टोयोटाच्या जीए-के प्लॅटफॉर्मवर, म्हणजे आरएव्ही4 बरोबर, आणि हायब्रिडमध्ये इंजिनही दोन्हींना 2.5 लिटरचं. बीएमडब्ल्यू एक्स1 पहिल्यांदा 2009 मध्ये आली तेव्हा मागची चाकं ओढणारी होती. 2015 च्या दुसऱ्या पिढीपासून ती मिनीबरोबरच्या फ्रंट-व्हील-ड्राइव्ह प्लॅटफॉर्मवर गेली. मर्सिडीज जीएलए 200 मधलं 1.3 लिटर टर्बो पेट्रोल मर्सिडीज आणि रेनो-निस्सान यांनी मिळून बनवलेलं आहे, आणि त्याच घराण्याचं इंजिन डस्टरमध्येही बसलं. तेव्हा 'जर्मन इंजिनीअरिंग' वगैरे ऐकलं की जरा दमानं घ्यायचं.

पण यावरून 'म्हणजे सगळं सारखंच, नुसता लोगो बदललाय' असा निष्कर्ष काढणारेही चुकतात. प्लॅटफॉर्म सारखा असला तरी त्याच्या जोडांमध्ये काय घालायचं हे ज्याचं तो ठरवतो. मागची सबफ्रेम (सस्पेन्शन जिच्यावर बसतं ती चौकट) बॉडीला थेट बोल्टने कसायची की मध्ये रबर घालायचं, ते रबर भरीव की आत द्रव असलेलं, दारांना सील एकपदरी की दोनपदरी, चाकांच्या कमानीत प्लास्टिक की नमद्यासारखा कापडी थर. यातलं एकही ब्रोशरमध्ये छापलेलं नसतं. लक्झरीवाला तिथे पैसे घालतो आणि सीट तुम्हाला हाताने सरकवायला लावतो. साधा ब्रँड सीटला मोटर देतो आणि बुशमध्ये काटकसर करतो. दोघेही तुमच्याकडून घेतलेले पैसे खर्च करतातच, एक दिसेल तिथे आणि दुसरा न दिसेल तिथे.

आता तुमचा गुंजारव. काँक्रीटवर, मागून, सलग, खालच्या पट्टीत. माझा पहिला संशय टायरवर. टायरच्या आतली हवासुद्धा घुमते, साधारण 200 हर्ट्झच्या आसपास, आणि त्याखाली चाक-सस्पेन्शनची थरथर असतेच. टॉप व्हेरिअंट म्हणजे मोठी रिम, आणि मोठी रिम म्हणजे बारीक रबर. हिशोब सोपा आहे: 235/55 आर18 टायरची बाजूची भिंत 235 चे 55 टक्के, म्हणजे 129 मिलिमीटर. 245/40 आर20 घेतला तर 98. तीन सेंटिमीटर रबर आणि हवा दिसायला छान दिसावं म्हणून गेली. त्याच गाडीचं एक पायरी खालचं व्हेरिअंट लहान रिमवर मिळत असेल तर तेच चालवून बघा. आणि तुलना करण्याआधी दोन्ही गाड्यांच्या टायरची हवा मोजून घ्या, टेस्ट ड्राइव्हच्या गाड्यांत ती कशीही असते. युरोपातल्या टायरच्या लेबलवर जो डेसिबल आकडा असतो तो बघून फसू नका. तो रस्त्याच्या कडेला ऐकू येणारा आवाज आहे, केबिनमधला नाही.

काचांसाठी एक युक्ती. दाराची काच अर्धी खाली करा आणि वरच्या कडेकडे नीट बघा. मधोमध एक बारीक रेघ दिसली तर काच दोन थरांची आहे, आवाज अडवणारी. रेघ नाही तर साधी टफन्ड. हे मागच्या दारांनाही करून बघा, कारण खूप गाड्यांत, लक्झरीतही, ही काच फक्त पुढे असते. मागे बसणाऱ्याला ब्रोशरमधल्या 'अकूस्टिक ग्लास'चा फायदा पोचतच नाही.

यावरून सुचलं म्हणून विचारतो, नाना मागेच का बसतात?

सावळी

@गुरुत्वमध्य, शेवटच्या प्रश्नावर आमच्या घरात शांतता पसरली. ते मागेच बसतात, कारण ते पहिल्यापासून मागेच बसत आलेत! बघते.

जुनाट_इंजिन

मी निवृत्त माणूस, एक लक्झरी एसयूव्ही वॉरंटी संपल्यानंतर बरीच वर्षं सांभाळली, आता साध्या ब्रँडची वापरतो. कंपनीचं नाव घेत नाही, कारण कुठल्याही कंपनीची असती तरी खर्च तसाच झाला असता.

सूनबाई, लक्झरी गाडी बंद पडत नाही. लोकांना वाटतं रस्त्यात उभी राहते. तसं काही नाही. ती चालत राहते आणि दर वेळी काहीतरी मागते. माझी रन-फ्लॅट टायरवर होती. त्या टायरचा गुण खरा आहे, हवा गेली तरी ताशी 80 च्या आत राहून साधारण 80 किलोमीटर नेता येते. पण त्यांची भिंत कडक, त्यामुळे खड्ड्यात बसणारा दणका जास्त, आणि पंक्चर झाल्यावर बहुतेक ठिकाणी 'नवीनच घाला' म्हणतात. वर डिकीत स्टेपनी नाही. पुढे एकदा हेडलाइटच्या काचेत पाणी शिरलं. पूर्वी बल्ब बदलायचो. आता आख्खं युनिट, आत कॉम्प्युटर, बसवल्यावर गाडीला त्याची ओळख करून द्यायची. बिल बघून मी मेकॅनिकला विचारलं, यात दोन्ही बाजूंचे आहेत ना? एकाच बाजूचं होतं.

पण खोटं कशाला बोलू, बोनटखालचे नेहमीचे खर्च सांगतात तेवढे भयंकर नसतात. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, एखाद्या चांगल्या बाहेरच्या गॅरेजमध्ये होऊन जातं. गळा धरतात ते इलेक्ट्रॉनिक्स आणि काचा. आणि इथेच एक पेच आहे: हल्लीच्या भरगच्च साध्या गाड्यांतही तेच सगळं आलंय. विंडस्क्रीनला कॅमेरा चिकटवलेला असतो, काच बदलली की कॅमेरा परत कॅलिब्रेट करायचा. बंपरमध्ये रडार, जरा घासलं की खर्च. म्हणजे फीचर जितकी जास्त तितकं वॉरंटीनंतर धडधडणं जास्त, लोगो कुठलाही असो. एक्स्टेंडेड वॉरंटी दोन्हीकडे घ्याच, आणि तिच्यात इन्फोटेनमेंट स्क्रीन धरलाय का ते बारीक अक्षरांत वाचा.

विकताना मात्र लक्झरी गाडीची किंमत जोरात पडते. दुसऱ्या गिऱ्हाइकालाही माझ्यासारखीच धास्ती असते ना. तुम्ही दहा वर्षं ठेवणार असाल तर हा मुद्दा जवळजवळ सोडून द्या. चार-पाच वर्षांत बदलायची सवय असेल तर तोच सगळ्यात मोठा खर्च आहे.

अजून एक. गाडीत बसवलेली सोय आपलीच, हे हल्ली गृहीत धरू नका. बीएमडब्ल्यूने 2022 मध्ये काही देशांत सीट गरम करायची सोय महिन्याच्या वर्गणीवर ठेवली होती. एवढी बोंबाबोंब झाली की 2023 मध्ये ते बंद केलं. ऑनलाइन सेवा, नकाशे, मोबाइलवरून गाडी उघडणं, हे किती वर्षं फुकट आणि नंतर काय, हे दोन्ही शोरूममध्ये लेखी विचारा.

टप्पा

सुरक्षिततेबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. 'लक्झरी म्हणजे जास्त सेफ' हे घरोघरी ऐकू येतं. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेने 2021 मध्ये बाजूने धडक देण्याची चाचणी कडक केली. धडकणारा गाडा 1500 किलोवरून 1900 किलोच्या आसपास नेला, वेग ताशी 50 वरून 60 केला. त्या नव्या चाचणीत त्यांनी पहिल्या फेरीत 20 छोट्या एसयूव्ही घातल्या. 'गुड' ही सगळ्यात वरची श्रेणी फक्त एकीला मिळाली, माझदा सीएक्स-5 ला. ऑडी क्यू3 आणि व्होल्वो एक्ससी40 त्याखालच्या 'अ‍ॅक्सेप्टेबल'मध्ये, आणि त्यांच्याच बाकावर होंडा सीआर-व्ही आणि टोयोटा आरएव्ही4. लिंकन कॉर्सेअर ही लक्झरी गाडी त्याच्याही खाली 'मार्जिनल'मध्ये, तिचं साधं भावंड फोर्ड एस्केपही तिथेच.

त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी गाड्या सुधारल्या, तेव्हा आज त्या यादीवरून कोणाला पास-नापास करू नका. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की बॉडीचा सांगाडा लोगो बघून वाकत नाही. तुमच्या दोन गाड्यांचे निकाल नावानिशी काढा, निकालाचं वर्ष बघा (चाचण्या कडक होत जातात, जुने पाच तारे आणि आजचे पाच तारे एक नाहीत), आणि चाचणीतल्या गाडीत जी उपकरणं होती ती तुमच्या व्हेरिअंटमध्ये आहेत का तेही. खालच्या व्हेरिअंटमध्ये ब्लाइंड स्पॉटचा (आरशात न दिसणाऱ्या बाजूच्या गाडीचा) इशारा नसेल आणि वरच्यात असेल तर माझं मत तिथेच फिरेल.

@बिंदास_बाळ्या, मागे वळून बघायला हरकत नाही, गाडी चालवताना बघू नका म्हणजे झालं.

बिंदास_बाळ्या

😄 नोंद घेतली. पण ताईंच्या मिस्टरांना एक मत माझं.

सावळी

सगळ्यांचे आभार, विशेषतः गुरुत्वमध्य आणि जुनाट_इंजिन काकांचे. शनिवारी नानांना घेऊन दोन्हीकडे गेलो. दोन्ही शोरूमना आधीच सांगितलं होतं की जरा वेळ लागेल. 'जरा' हा शब्द त्यांनी मनावर घेतला नसावा.

हवा आधी मोजून घेतली. भरगच्च गाडीच्या मागच्या टायरांत हवा बरीच जास्त होती, ती दारावरच्या स्टिकरप्रमाणे करून घेतली. मग टॉपच्या एक पायरी खालचं व्हेरिअंटही मागवलं, 18 इंची चाकांचं.

चाचणी माझ्या धंद्यातलीच. क्लिनिकमध्ये आम्ही शब्दांच्या याद्या वाचतो आणि पेशंट ऐकू आला तो शब्द परत म्हणतो. तेच गाडीत केलं. नवरा एकाच वेगाने चालवतोय, मी पुढच्या सीटवर समोर बघत, आवाज न चढवता शब्द म्हणतेय, नाना मागून परत म्हणतायत, मुलगी वहीत खुणा करतेय. विहीर, कागद, सात, पाऊस, शिडी, हात. नानांच्या शेजारी बसलेल्या सेल्समनने पहिल्या काही शब्दांनंतर हळूच विचारलं, मॅडम, हा कुठला कोर्स आहे का?

ताशी 40 ला दोन्हीकडे उत्तम. 80 ला काँक्रीटवर टॉप व्हेरिअंटमध्ये मागच्या सीटवर नाना हरले. 'सात'चं 'हात', 'शिडी'चं काहीतरी भलतंच, आणि मग तो गप्प व्हायचा नेहमीचा चेहरा. जर्मन गाडीत मागेच बसून बरेच जास्त शब्द बरोबर आले, हे मान्य करायलाच हवं. काचेची युक्ती करून बघितली: रेघ पुढच्या दारांनाच होती, मागे साधी काच. म्हणजे फरक काचेचा नसून खालून येणाऱ्या आवाजाचा होता, तुमच्या त्या बुश-सबफ्रेमचा. 18 इंची चाकांच्या गाडीत नाना मागे बसून या दोन्हींच्या मधे कुठेतरी.

मग नानांना पुढे बसवलं आणि मी चालवायला घेतलं. जर्मन आणि 18 इंचीवाली यांच्यात नानांच्या बरोबर शब्दांत सांगण्यासारखा फरकच उरला नाही. बोलणारी व्यक्ती हातभर अंतरावर, आणि नानांना मान जराशी वळवली की माझे ओठ दिसतात. ओठ बघण्याचा फायदा किती असतो हे मी रोज पेशंटना सांगते, आणि माझेच सासरे इतकी वर्षं हेडरेस्टकडे बघत प्रवास करत होते.

एक गोष्ट अनपेक्षित कळली. व्हेंटिलेटेड सीटचा पंखा. मला आधी ऐकूही आला नव्हता. पण पुढच्या सीटवर तो मोठ्या पायरीवर गेला की नानांच्या यंत्रात आधी तोच शिरतो, आणि एसीचा झोत त्यांच्या बाजूच्या व्हेंटमधून थेट कानावर आला की माइकवर वारा लागल्यासारखी खरखर. झोत खाली वळवला, पंखा बंद केला, प्रश्न मिटला. म्हणजे ज्या फीचरसाठी टॉप व्हेरिअंट घ्यायचं ते आम्ही बंदच ठेवणार.

खुब्याचं सांगते, कारण विचारणारे अजून असतील. सीटची उंची दोन्हीकडे चालण्यासारखी आहे, नानांना खाली बसावं लागत नाही की वर चढावं लागत नाही, पार्श्वभाग टेकून सरकता येतं. फरक पडला तो मागच्या दारात. जर्मन गाडीचं मागचं दार खालच्या बाजूला चाकाच्या कमानीमुळे चिंचोळं होतं, तिथे नानांचं उजवं पाऊल दर वेळी अडकत होतं. हाताने पाय उचलून आत घ्यावा लागत होता. पुढच्या दारात दोन्हीकडे काही अडचण नाही. सीट पूर्ण मागे सरकवायची, पाठ जराशी कलती करायची, आधी बसायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत. साध्या ब्रँडच्या गाडीत दाराचा खालचा भाग उंबरठ्यावरून खाली येतो, त्यामुळे उंबरठा कोरडा राहतो आणि नानांचं धोतर चिखलात बरबटत नाही. ही सोय त्यांच्या ब्रोशरमध्ये कुठेही नाही. खरं तर पहिल्या पानावर हवी.

तर 18 इंची चाकांचं, एक पायरी खालचं व्हेरिअंट घेतोय, साध्या ब्रँडचं. @टप्पा, ब्लाइंड स्पॉट आणि तो वेग सांभाळणारा क्रूझ त्यातही आहे, तपासलं. सनरूफ लहान आहे, व्हेंटिलेटेड सीट नाहीत. सीटला मोटर आहे पण मेमरी नाही, तेव्हा नवऱ्याने चालवायला घेतली की प्रत्येक वेळी बटण धरून बसायचं. सहा फूट उंचीची तेवढी शिक्षा.

जर्मन गाडी वाईट नाही, उलट मागे बसून लांबचा प्रवास करणारं कोणी घरात असतं तर मी तिच्याच बाजूने भांडले असते, खालच्या व्हेरिअंटसकट. आमच्याकडे मागे बसणार मुलगी, आणि तिच्या कानात इअरफोन. त्याबद्दल वेगळा धागा काढते.

जुनाट_इंजिन

उत्तम. स्टेपनी आहे ना?

सावळी

आहे काका, डिकीचा कार्पेट उचलून बघितली. पातळवाली आहे, पण आहे.

बिंदास_बाळ्या

आणि मिस्टर?

सावळी

रंग ते निवडणार, असं ठरलंय.

गुरुत्वमध्य

अभिनंदन ताई. डिलिव्हरी घेताना एक करा. कारखान्यातून गाड्या निघताना वाहतुकीसाठी टायरमध्ये हवा जास्त भरलेली असते, आणि ती कमी करायचं शोरूममध्ये बऱ्याचदा राहून जातं. हार घालण्याआधी गेज लावायला सांगा, नाहीतर पहिल्याच दिवशी नाना म्हणतील, गाडी बदलली की काय. आणि ती शब्दांची यादी इथे टाकाल का? आमच्या टेस्ट ट्रॅकवर वापरायची आहे.